पनोम रुंगचे डोंगरावरील शिवमंदिर: गुडघेदुखी असलेल्या आईला नेता येईल का?

प्रश्न
थायलंडमधील बुरीराम प्रांतातले पनोम रुंग हे ख्मेर (प्राचीन कंबोडियाच्या साम्राज्यातील) शिवमंदिर पाहण्याची आमची फार इच्छा आहे. सोबत ६८ वर्षांची आई असेल. तिचे गुडघे दुखतात. एका रेषेतल्या पंधरा दारांतून सूर्योदय दिसतो असे वाचल्याने एप्रिलच्या आरंभी बँकॉकहून जाऊन त्याच दिवशी परतावे असे मनात आहे. हे जमेल का?

प्रतिसाद १
आईंना अवश्य न्यावे, परंतु त्याच दिवशी परतण्याचा बेत सोडावा. बँकॉकच्या मो चित बसस्थानकावरून मंदिराजवळच्या नांग रोंग या गावी पोहोचायला बसने पाच-सहा तास लागतात, तेव्हा आदल्या रात्री तिथे मुक्काम करून पहाटे गाडी करावी. मंदिर विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर आहे, तरी रस्ता वरपर्यंत जातो आणि वरच्या दाराने आत शिरल्यास चढण पुष्कळ वाचते. आईंना तिकडून न्यावे. आपण मात्र पूर्वेच्या पायथ्यापासूनच चालत यावे, कारण कमळकळीच्या आकाराच्या दगडी खांबांमधून जाणारी सुमारे १६० मीटरची फरसबंद वाट, पुढे पाच फण्यांच्या नागांचा पूल आणि मग टप्प्याटप्प्याने चढणाऱ्या पायऱ्या हे सारे ओलांडून गाभाऱ्याशी पोहोचण्यासाठीच हे मंदिर रचले आहे.

प्रतिसाद २
एप्रिलमध्ये तिथे कडक ऊन असते आणि सूर्योदयाच्या त्या दिवसांत गर्दीही फार होते. आईंसाठी डिसेंबर-जानेवारी बरा. तेव्हा सूर्य दारांच्या रेषेत येत नाही, पण मंडपाच्या पूर्वेकडील दारासमोर निवांत उभे राहता येते, आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे आहे. आपल्याकडे जिथे गणेशपट्टी असते, तिथे शेषशायी विष्णू कोरला आहे. नाभीतून निघालेल्या कमळावर ब्रह्मदेव आणि पायांशी लक्ष्मी. त्याच्या वर दहा हातांचा नटराज. ही विष्णूची शिळा १९६० च्या दशकात चोरीला गेली होती; ती शिकागोच्या कलासंग्रहालयात असल्याचे उघड झाल्यावर थाई जनतेने ती परत मिळावी म्हणून आवाज उठवला आणि १९८८ मध्ये ती मायदेशी आली. आज दारावर दिसते ती तीच मूळ शिळा.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. जानेवारीत जायचे ठरवले आहे. आईला आणखी काही दाखवता येईल का?

प्रतिसाद १
डोंगराच्या पायथ्याशी, थोड्याच अंतरावर मुआंग तामचे मंदिर आहे. ते सपाटीवर असल्याने चढण नाही. चार कोपऱ्यांत काटकोनात वळलेली चार तळी असून त्यांच्या काठांवर दगडी नाग पसरले आहेत. बाहेरची भिंत जांभ्याची आहे; कोकणातील माणसाला तो दगड लगेच ओळखू येतो. मात्र कंबोडियाची सीमा जवळ आहे आणि जुलै २०२५ मध्ये त्या सीमेवर लढाई झाली होती, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी प्रवासाविषयीच्या सरकारी सूचना जरूर पाहाव्यात.