सामूहिक एसी सफाई : दरपत्रकावर ग्रुपवर झालेली चर्चा

सचिव, व्यवस्थापन समिती :
सर्व सभासदांस नमस्कार. गेल्या उन्हाळ्यात प्रत्येकाने आपापला मेकॅनिक बोलावल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत रोज कोणीतरी अनोळखी माणूस जेट पंप घेऊन लिफ्टमध्ये दिसत असे, आणि वरच्या मजल्यावरील एसीचे काळे पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडल्याच्या तक्रारीही समितीकडे आल्या होत्या. म्हणून यंदा इच्छुकांनी एकाच ठेकेदाराकडून मार्चअखेरपर्यंत काम करून घ्यावे, असा विचार आहे. एका ठेकेदाराने प्रति स्प्लिट एसी ४५० रुपये असा दर दिला असून 'गॅस टॉप-अप आवश्यकतेनुसार वेगळा' असे दरपत्रकात नमूद केले आहे. काम ऐच्छिक आहे, पैसे ज्याचे त्याने द्यायचे आहेत आणि सोसायटीच्या निधीतून यासाठी काहीही खर्च होणार नाही. सूचना याच ग्रुपवर मांडाव्यात. कृपया या विषयावर निर्णय होईपर्यंत सुप्रभातचे संदेश आवरावेत, अन्यथा महत्त्वाचे मुद्दे वर निघून जातात.

बी-३०२ :
सचिव साहेब, त्या 'आवश्यकतेनुसार' शब्दाकडे कृपया लक्ष द्यावे. आमच्याकडे गेल्या वर्षी याहूनही कमी दराची जाहिरात पाहून एक माणूस बोलावला होता. दहा मिनिटांत जाळी धुऊन झाल्यावर त्याने बाहेरच्या युनिटला गेज (दाब मोजण्याचे घड्याळ) लावले, काटा दाखवला आणि गॅस अर्धा संपला असल्याचे सांगून २,८०० रुपये मागितले. मला त्यातले काही कळत नसल्यामुळे मी दिले. खोली पूर्वीइतकीच थंड होत राहिली. आतील भांड्यातून गळणारे पाणीसुद्धा तसेच राहिले. सफाई चारशेची आणि बिल तीन हजारांचे, असा प्रकार पुन्हा सोसायटीच्या नावाने होऊ नये.

ए-११०४ :
माझी सगळी नोकरी वातानुकूलन यंत्रांच्या देखभालीत गेली असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. लांबण लागल्यास सांभाळून घ्यावे.

या दरपत्रकातील पहिली उणीव अशी की ४५० रुपयांत नेमके काय धुणार, हे त्यात कोठेही लिहिलेले नाही. जाळी धुऊन वरून हवेचा झोत मारणे हीसुद्धा सर्व्हिस म्हणून खपते. कॉइलवर (थंड होणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यावर) पंपाने पाणी मारणे ही त्यापुढची पायरी झाली. मात्र पुढचे कव्हर काढून, ड्रेन ट्रे (पाणी गोळा होणारे आतले भांडे) उतरवून, ब्लोअरची पाती मोकळी होईपर्यंत धुणे हे खरे काम आहे आणि त्याला एका यंत्रामागे किमान तासभर लागतो. एका माणसाने दिवसात पंधरा एसी केले असे सांगितले, तर त्याने पंधरा जाळ्या धुतल्या असे समजावे.

मळ कोठे बसतो ते घरच्या घरी पाहता येते. एसीचा मेन स्विच बंद करा, हवा जेथून बाहेर येते तेथील झडप हाताने हळूच उघडा आणि आत टॉर्च मारा. आडवा, लांबट पंखा दिसेल, तोच ब्लोअर. त्याची पाती अरुंद आणि वक्र असतात. जाळीतून निसटलेली बारीक धूळ ओल्या कॉइलमधून पुढे येऊन त्या पात्यांच्या पोटात चिकटते, आणि स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा तेलकट धूर तिला पक्के धरून ठेवतो. बोटाने खरवडल्यास काळपट, नमदा झालेला थर निघतो. पाती भरली की पंखा तेवढ्याच वेगाने फिरतो, पण हवा कमी फेकतो. कॉइलवरून पुरेशी गरम हवा न गेल्यामुळे तिचे तापमान शून्याखाली जाते, तिच्यावर बर्फ धरतो, एसी बंद झाला की तो वितळून ट्रेमधून भिंतीवर ओघळतो, आणि मेकॅनिक तो बर्फ दाखवून गॅस कमी असल्याचे सांगतो. गॅस कमी असतानाही बर्फ धरतो, हे खरे आहे. म्हणूनच आधी संपूर्ण सफाई करावी आणि त्यानंतरही थंडावा येत नसेल तरच गॅसचा विचार करावा, हा क्रम सोडू नये. ३०२ मधील ताईंच्या घरी तो उलटा झाला.

एसीतील गॅस गाडीतील पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच वायू वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून भरणे म्हणजे पुढच्या वर्षीच्या बिलाची तजवीज करणे होय. योग्य पद्धत अशी की साबणाच्या पाण्याने किंवा डिटेक्टरने गळती शोधावी, उरलेला गॅस काढून घेऊन ती बंद करावी, नायट्रोजन भरून दाबाची चाचणी घ्यावी, व्हॅक्यूम पंप लावून आतील हवा व ओलावा काढावा आणि मग यंत्राच्या नेमप्लेटवर जितके ग्रॅम लिहिलेले असतात तितका गॅस वजन करून भरावा. ज्याच्याकडे वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप नाही, त्याला गॅसला हात लावू देऊ नये.

गेजबद्दलही सांगतो, कारण काटा पाहून माणूस गप्प बसतो. आर-२२ हा गॅस असलेल्या जुन्या यंत्रात थंडाव्याच्या बाजूचा दाब साधारण ६० ते ७० पीएसआय (दाबाचे एकक) असतो. आर-४१०ए आणि आर-३२ या नंतरच्या गॅसमध्ये तो त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो. शिवाय इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलत असल्यामुळे काटाही वरखाली होतो, तेव्हा केवळ एका आकड्यावरून गॅसचे निदान करता येत नाही. आजकालच्या बहुतेक यंत्रांत आर-३२ आहे आणि तो सौम्य ज्वलनशील आहे. आत गॅस शिल्लक असताना आगीच्या ज्योतीने नळी जोडणाऱ्याला त्याच क्षणी थांबवावे. आणि गळती तपासण्यासाठी कोणी ऑक्सिजनचे सिलिंडर आणले, तर त्याला गेटवरूनच परत पाठवावे. कॉम्प्रेसरमधील तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आल्यास स्फोट होतो. नायट्रोजन महाग पडतो म्हणून हा जीवघेणा प्रकार अजूनही चालतो.

सी-२०१ :
काका, फार उपयुक्त माहिती दिलीत. ठेकेदाराच्या माणसाशी माझे फोनवर बोलणे झाले, तेव्हा त्याने प्रत्येक एसीमागे आणखी ७०० रुपयांत 'अँटी-बॅक्टेरियल फॉगिंग' सुचवले. एसीमध्ये न्यूमोनियाचे जंतू वाढतात आणि परदेशात त्यामुळे माणसे दगावली आहेत, असा संदेशही त्याने पाठवला आहे. घरात सासूबाईंना दम्याचा त्रास असल्यामुळे काळजी वाटते. डॉक्टर, आपले मत कळवाल का?

डी-६०४ :
वहिनी, त्या संदेशातील घटना खरी आहे, पण तिचा आपल्या स्प्लिट एसीशी संबंध जोडणे चुकीचे आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर अनेकांना गंभीर न्यूमोनिया झाला आणि काहींचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी त्यामागील जिवाणू सापडला व त्याला लिजिओनेला असे नाव मिळाले. हा जिवाणू मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरमधील (पाण्याचे तुषार उडवून एसी यंत्रणेची उष्णता बाहेर टाकणाऱ्या मनोऱ्यातील) आणि गरम पाण्याच्या नळयोजनेतील कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि तुषारांवाटे फुफ्फुसांत जातो. आपल्या घरातील स्प्लिट एसीला कूलिंग टॉवर नसतो. ट्रेमध्ये जमणारे पाणी थंड असते आणि ते वाहून जाते.

मात्र दम्याच्या रुग्णासाठी मळका एसी निश्चितच त्रासदायक आहे, कारण ओलसर धुळीवर बुरशी धरते आणि एसी सुरू केल्याबरोबर पहिल्या काही मिनिटांत जो कुबट वास येतो, तो बहुधा तिचाच असतो. त्यावर उपाय म्हणजे काकांनी सांगितलेली ब्लोअर व ट्रेची धुलाई. मळाच्या थरावर सुवासिक धूर सोडल्याने मळ जात नाही. उलट ती रसायनेच दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकेला झोंबू शकतात. सफाईच्या वेळी सासूबाईंना दुसऱ्या खोलीत बसवावे, काम झाल्यावर खिडक्या उघडून तासभर हवा खेळती ठेवावी. स्प्लिट एसी खोलीतीलच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. त्यामुळे दिवसातून एकदा तरी खिडक्या उघडणे हा फॉगिंगपेक्षा चांगला आणि फुकटचा उपाय आहे.

बाहेरच्या युनिटमागील कबुतरांच्या घरट्यांकडे मात्र आपण सगळेच दुर्लक्ष करतो. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची भुकटी वारंवार श्वासावाटे गेल्यास फुफ्फुसांना कायमची इजा करणारा ॲलर्जीचा आजार होऊ शकतो. ती कोरडी झाडू नये. आधी पाण्याने भिजवावी आणि मास्क लावूनच काढावी.

बी-९०१ (सध्या मुक्काम न्यू जर्सी) :
आमच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत, त्यामुळे आमच्या दोन एसींची नावे यादीत घ्यावीत. वाचताना गंमत वाटली, कारण इकडेही नेमके हेच चालते. येथे बहुतेक घरांत तळघरात घर उबदार ठेवणारी गॅसवरची भट्टी, तिच्यालगत थंडाव्याची कॉइल आणि तेथून भिंतींमधून प्रत्येक खोलीत जाणाऱ्या पत्र्याच्या वाहिन्या अशी एकच यंत्रणा असते. या वाहिन्या अगदी स्वस्तात साफ करून देण्याची पत्रके पेटीत येतात. माणूस घरात आला की बुरशीचे फोटो दाखवून रक्कम वाढवत नेतो. येथील सरकारच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, नागरिकांसाठी स्पष्ट लिहून ठेवले आहे की अशा सफाईमुळे आजार टळतात हे सिद्ध झालेले नाही. आत बुरशी डोळ्यांना दिसत असेल, उंदीर-किडे शिरले असतील किंवा वाहिनी कचऱ्याने तुंबली असेल, तरच ती करावी. भट्टीची तपासणी मात्र दरवर्षी थंडीपूर्वी करून घ्यावी लागते, कारण तेथे ज्वलन असते आणि बिघाड झाल्यास कार्बन मोनॉक्साइड घरात पसरण्याचा धोका असतो.

ए-५०३ :
बाहेरच्या युनिटचा विषय निघालाच आहे, तर एक गंभीर बाब मांडते. आपल्या ए विंगमध्ये पाचव्या मजल्यापासून वर बहुतेकांची युनिट्स खिडकीबाहेरील लोखंडी ब्रॅकेटवर आहेत. गेल्या वर्षी एक कोवळा मुलगा पट्टा न लावता, एक पाय छज्ज्यावर आणि एक ब्रॅकेटवर ठेवून पाणी मारताना मी स्वतः पाहिला आणि त्याला आत बोलावले. तो छज्जा माणसाचे वजन पेलण्यासाठी बांधलेला नाही, आणि आपण खाडीलगत असल्यामुळे खाऱ्या हवेने ब्रॅकेटचे बोल्ट किती गंजले आहेत, ते रंगाखाली दिसत नाही. सेफ्टी बेल्ट, तो अडकवण्यासाठी घरातील पक्का आधार आणि कामगारांचा विमा या अटी लेखी नसतील, तर समितीने हे काम हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ए-११०४ :
ताईंशी पूर्णपणे सहमत आहे. जेथे हात पोहोचत नाही तेथील युनिट यंदा न धुतले तरी चालेल, माणूस लटकवू नये.

त्याच अनुषंगाने, खाऱ्या हवेत बाहेरच्या कॉइलचे ॲल्युमिनियमचे पातळ पापुद्रे आधीच कमजोर झालेले असतात. त्यांवर तीव्र ॲसिड मारल्यास कॉइल दोन मिनिटांत चकाकते आणि नंतर झिजत जाते, आणि मग खरोखरच गॅस गळू लागतो. साधे पाणी व सौम्य द्रावण पुरते. पाण्याची धार सरळ मारावी. तिरकी मारल्यास पापुद्रे वाकून हवेची वाट बंद होते. आतील युनिट धुताना उजवीकडील किंवा डावीकडील पीसीबीचा (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डचा) भाग प्लास्टिकने झाकलेला आहे, हे आपण उभे राहून पाहावे. इन्व्हर्टर एसीचा पीसीबी भिजून गेला तर काही हजारांचा फटका बसतो आणि त्याची जबाबदारी नंतर कोणी घेत नाही. ज्यांची यंत्रे वॉरंटीत आहेत, त्यांनी बाहेरच्या माणसाकडून उघडण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात.

काम झाल्यावर तपासणी सोपी आहे. ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते ड्रेन पाइपमधून विनाअडथळा बाहेर पडते का, ते पाहावे. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर किंवा त्याहूनही अधिक पाणी काढतो, त्यामुळे पाइपला सलग उतार हवाच. नंतर पंधरा मिनिटे एसी चालवून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. साधारण ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर गॅसचा विषय काढण्याचे कारण नाही.

बी-१०१ :
ड्रेन पाइपचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या खिडकीच्या पत्र्यावर वरच्या कोणाच्या तरी एसीचे पाणी रात्रभर टपटपत असते आणि झोप लागत नाही. प्रत्येकाचा पाइप शाफ्टमधील उभ्या पाइपला जोडण्याचे काम याच ठेक्यात धरावे, ही नम्र विनंती.

सचिव, व्यवस्थापन समिती :
सर्वांच्या सूचना ठेकेदाराला कळवल्या होत्या. ब्लोअर व ड्रेन ट्रेसह संपूर्ण धुलाई, सेफ्टी बेल्ट, कामगारांचा विमा आणि जीएसटीसह पक्के बिल या अटींवर तो प्रति एसी ७५० रुपये मागत आहे. गॅसचे कोणतेही काम या भेटीत होणार नाही. ज्यांना गरज भासेल त्यांनी नंतर आपापल्या जबाबदारीवर करून घ्यावे. फॉगिंगचा प्रस्ताव वगळला आहे. एका जोडीने दिवसाला सहापेक्षा जास्त एसी घ्यायचे नाहीत, हेही त्याने मान्य केले आहे. पाइप जोडणीचा खर्च जागा पाहून वेगळा कळवला जाईल आणि १०१ च्या वरील रांगेपासून सुरुवात होईल.

बी-३०२ :
७५० रुपये मान्य. आमचे दोन एसी धरावेत.

सी-२०१ :
आमचे तीन, त्यांपैकी सासूबाईंच्या खोलीतील एक जुना विंडो एसी आहे. काका, तो याच दरात होईल का? त्यात बहुधा आर-२२ गॅस आहे.

ए-११०४ :
विंडो एसी चौकटीतून बाहेर काढून गॅलरीत धुवावा लागतो आणि उचलायला दोन माणसे लागतात, त्यामुळे त्याचा दर वेगळा विचारून घ्या. मोटरवर प्लास्टिक बांधल्याशिवाय पाणी मारू देऊ नका आणि परत बसवताना मागचा भाग किंचित उतरता ठेवायला सांगा, म्हणजे पाणी खोलीत येणार नाही. आर-२२ च्या वर्गातील वायूंचा वापर ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या मॉन्ट्रियल करारानुसार आपल्याकडे २०३० पर्यंत जवळजवळ संपुष्टात आणायचा आहे. तेव्हा धुतल्यावरही तो नीट थंड करत नसेल आणि कोणी गळतीच्या दुरुस्तीचा खर्च सांगितला, तर पैसे देण्याआधी मला हाक मारा, मी खाली येऊन पाहतो.