कोकणातल्या कॉलेजांनी आधी काय तपासावं: औषधी झाडं की नदी?

खाडीकाठची
आपल्याकडच्या एम.एस्सी. रसायनशास्त्राचे बरेच प्रकल्प एकाच साच्यातले असतात. पाला वाळवायचा, मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा, अन्नातल्या पिष्टाची साखर करणारं अल्फा-ग्लुकोसिडेज हे एंझाइम किती अडतं ते मोजायचं आणि खाली लिहायचं, 'मधुमेहावर उपयुक्त'. अर्कात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असेल तर ते कुठल्याही प्रथिनाला चिकटतं, एंझाइम अडल्यासारखं दिसतं. ही शंका किती जण तपासतात?

इकडे वाशिष्ठी नदी चिपळूणचं सांडपाणी घेऊन दाभोळच्या खाडीत उतरते. पोफळीला वीज तयार झाल्यावर सुटणारं कोयनेचं पाणीही तिच्यातच येतं. जनित्रं चालू असताना नमुना घेतला तर नदी बरी दिसते, बंद असताना वेगळी. महिन्यातल्या एका बाटलीवरून तिची तब्येत कळणार नाही. रोज मोजायला माणसं हवीत, आणि ती कॉलेजांकडे आहेत. माझं स्पष्ट मत, पुढची काही वर्षं प्रयोगशाळा नदीला द्या.

सप्तरंगी
ताई, अजिबात पटलं नाही. सप्तरंगी या औषधी वेलीच्या कुळातलं सॅलॅसिनॉल हे द्रव्य १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी वेगळं केलं, ते याच एंझाइमला अडवतं. आपल्या रानात सप्तरंगी मुळासकट खणली जाते. पानांत तोच गुण किती, हे आपणच मोजलं तर वेल वाचेल. टॅनिनचं म्हणाल तर अर्कातून ते काढून पुन्हा मोजता येतं. पद्धत सुधारा, विषय का बंद करता?

खाडीकाठची
नारक्या या झाडाचं काय झालं? त्यात कॅम्पटोथेसिन हे कॅन्सरवरच्या औषधांना लागणारं द्रव्य आहे हे १९७२ सालीच प्रसिद्ध झालं. कॅन्सरच्या औषधांसाठी मागणी वाढली आणि सह्याद्रीतली झाडं तोडून, भुकटी करून बाहेर गेली. नुसत्या रसायनशास्त्रानं झाड वाचत नाही.

सप्तरंगी
पण २००५ साली जम्मूच्या संशोधकांनी नारक्याच्याच आत राहणाऱ्या बुरशीतून कॅम्पटोथेसिन मिळवून दाखवलं. झाड न तोडता औषध, ही दिशा रसायनशास्त्रानंच दाखवली ना?

रसायनवाले सर
मी शिकवतो, म्हणून व्यवहाराचं बोलतो. १९७४ च्या जलप्रदूषणाच्या कायद्यात कारवाईसाठी नमुना कसा घ्यायचा, कोणासमोर सील करायचा हे ठरलेलं आहे. कॉलेजचा आकडा तिथे चालणार नाही. शिवाय खाडीच्या खाऱ्या पाण्यात क्लोराइडमुळे सीओडी, म्हणजे पाण्यातला मळ रसायनानं जाळायला लागणाऱ्या प्राणवायूचा आकडा, फुगतो. तो आवरायला मर्क्युरिक सल्फेट हा पाऱ्याचा क्षार घालायचा आणि तो पारा पुढे कुठे टाकायचा? मुलांच्या हातात हे द्यायला मी तयार नाही.

दाभोळचा तांडेल
सर, कोर्ट राहू दे. मासे मरतात पहाटे, बघायला माणसं येतात दुपारी. तोवर ओहोटीनं सगळं नेलेलं असतं. मेलेले बोय मासे तरंगताना आम्ही बघतो, पण आमच्या सांगण्याला आकडा नाही म्हणून कोणी लिहून घेत नाही.

खाडीकाठची
दादा, पहाटेचं कारण आहे. रात्री शेवाळ प्राणवायू बनवत नाही, उलट वापरतं, म्हणून उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. आणि सर, ही चाचणी होडीतच सुरू करता येते, पारा लागत नाही. बाटली बुडबुडा न ठेवता भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड सोडायचं. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. नेमका आकडा नंतर प्रयोगशाळेत काढा.

एंझाइमच हवं असेल तर माशाच्या मेंदूतलं, नसांच्या कामाला लागणारं अॅसिटिलकोलिनेस्टरेज मोजा. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांनी ते मंदावतं, आणि फवारण्या तर आपल्या आंब्याच्या बागांतही होतात. तुमच्या मधुमेहाच्या प्रयोगाचं रीडिंग ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला, याचं ४१२ ला. रंग मोजायचं यंत्र तेच.

सप्तरंगी
हे करा, मीही येईन. पण 'प्रयोगशाळा नदीला द्या' याला माझा विरोध कायम आहे. सप्तरंगी खणणारा माणूस तुमची बाटली भरेपर्यंत थांबणार नाही.

दाभोळचा तांडेल
होडी माझी. बाटल्या आणि ती दोन औषधं कोण देणार ते सांगा, आणि उधाणाच्या मोठ्या भरतीला यायचं की भांगाच्या लहान भरतीला तेही.