प्रथिनाची ‘घडी’, ‘घडण’ की ‘संरचना’?

खारेगाव: ठाण्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी इंग्रजी फलक मराठीत करतेय. डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनावर उजेड पडला की त्यात काय बदलतं, ते वर्णपटावरून (कुठल्या तरंगलांबीचे किरण किती शोषले जातात, त्याच्या आलेखावरून) कसं ओळखतात, हा विषय. मी लिहिलं, ‘प्रथिनाची घडी बदलते’. तिथल्या बाई म्हणाल्या, घडी कपड्याची असते, ‘आकार’ लिहा. ‘आकार’ मला पटत नाही. तुम्ही काय लिहाल?

ऐरोलीकर: ‘संरचना’. पाठ्यपुस्तकात तोच शब्द आहे.

जुना नौपाडा: ‘संरचना’ वाचून मूल पुढच्या फलकाकडे जाईल. पण ‘घडी’ही जपून वापरा. आमच्या घरी ‘घडी मोडली’ म्हणजे नवी साडी पहिल्यांदा नेसली! आणि प्रथिनाची घडी खरी उलगडते ती अंडं उकडताना. डोळ्यात तसं होत असेल तर कठीणच.

वाशी से. १७: तसं होत नाही, काका. ऱ्होडॉप्सिनच्या पोटात रेटिनल नावाचा वाकलेला रेणू असतो. उजेड लागला की सुमारे २०० फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दहालाखावा भाग) त्याचा एक बंध फिरतो आणि वाकलेल्या ‘११-सिस’ रूपाचं सरळ ‘ऑल-ट्रान्स’ रूप होतं. भोवतालचं प्रथिन मागाहून, मिलिसेकंदांत, जागा बदलतं. तोवर शोषणाचं शिखर, म्हणजे सर्वात जास्त शोषली जाणारी तरंगलांबी, ५०० नॅनोमीटरच्या आसपासून ३८० वर आलेलं असतं. अवरक्तात (इन्फ्रारेडमध्ये) तर उजेडातल्या वर्णपटातून अंधारातला वजा करतात. जे बंध हलले नाहीत ते कटतात, हललेलेच उरतात. म्हणून ताई, माझी हरकत नामापेक्षा क्रियापदाला आहे. ‘रचना दिसते’ असं कुठेही लिहू नका. मोजली जातात ती बंधांची कंपनं. रचनेचा त्यावरून माग काढावा लागतो.

ऐरोलीकर: अवरक्ताचा ‘वर्णपट’? डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांत वर्ण कुठला?

जुना नौपाडा: आणि पलीकडच्या टोकाला अल्ट्राव्हायोलेटसाठी ‘जंबुपार’ इतका गोड शब्द असताना इकडे ‘अवरक्त’ कशाला? ‘लालपार’ म्हणा की.

वाशी से. १७: ‘अव’ म्हणजे खाली. तांबड्याहून वारंवारता कमी, म्हणून अवरक्त. नेमका शब्द आहे, त्याला हात लावू नका.

जुना नौपाडा: नेमका असेल, पण सातवीतल्या मुलाला ‘अव’ कोण समजावणार? पार कळतं. नदीपार, सीमापार.

खारेगाव: फलक शुक्रवारी छापायला जातोय. ‘माग काढतात’ घेतलं, आभार. पण कशाचा माग? ‘घडण’ चालेल?

ऐरोलीकर: घडण दागिन्याची. ‘संरचना’च.

जुना नौपाडा: शरीराचीही घडण म्हणतातच की! आणि ‘लालपार’वर कुणी उत्तर दिलेलं नाही.