मदत हवी आहे: मैसूरला दीडच दिवस, काय गाळू?

आत्ता हुबळीत आहोत, पहाटे निघायचंय, म्हणून जरा लवकर सांगा. उद्या चित्रदुर्गचा किल्ला बघून तिथेच मुक्काम, मग मैसूर, मग उटी असं ठरलं होतं. आता घरचे म्हणतायत मैसूर निवांत बघू, धावपळ नको. पॅलेस, झू, चामुंडी टेकडी, वृंदावन गार्डन, श्रीरंगपट्टण सगळं बसत नाहीये. काय गाळू? आणि चित्रदुर्गच्या पुढे हिरियूरवरून आत वळू की बेंगलोरमार्गे जाऊ?

घाटमाथा: वार कुठले ते सांगा की. सोबत कोण आहे? कार की बाईक? बेंगलोर-मैसूर एक्सप्रेसवेच्या मेन लेनवर २०२३ पासून दुचाकी बंद आहे.

धागाकर्ता: कार. आई-बाबा आणि मुलं आहेत. सोमवारी दुपारी पोचणार, बुधवारी पहाटे उटी.

चटणीपूड: अहो मग उद्या रविवार! चित्रदुर्ग सोडाच, मे महिन्यात तिथला दगड असा तापतो की आई-बाबांना चढवत नाही. पहाटे निघालात तर संध्याकाळपर्यंत आरामात मैसूर. रविवारी सातच्या सुमारास अख्ख्या पॅलेसवर जवळपास लाखभर दिवे एकदम लागतात आणि पाऊण तास असतात, ते चुकवू नका. पॅलेस आतून सोमवारी दहाला उघडल्या उघडल्या बघा, चपला बाहेर काढाव्या लागतात, दुपारी अंगणातल्या फरशीवर पाय भाजतात. झू मंगळवारी बंद.

घाटमाथा: मंगळवारी बंद हे खरं, पण सुट्टीच्या सीझनमध्ये कधीकधी चालू ठेवतात, साइटवर बघून घ्या. रस्त्याचं म्हणाल तर बेंगलोरमार्गेच जा, सगळा हायवे.

टायर_ट्यूब: कशाला बेंगलोर? बेंगलोरच्या तोंडाशी नेलमंगलाला अडकलात तर दिवे गेलेच. हिरियूर, हुळियार, नागमंगला, श्रीरंगपट्टण असा सरळ खाली या, श्रीरंगपट्टण वाटेतच होतं. पेट्रोल की सीएनजी? सीएनजी असेल तर आत वळायच्या आधी टाकी भरा.

घाटमाथा: त्या रस्त्याला गावोगाव स्पीडब्रेकर आहेत, मुलांना उलट्या होतील.

पैठणी७: मैसूर सिल्क घेणार असाल तर सरकारी शोरूममधूनच घ्या, प्रत्येक साडीला नंबर असतो. बाहेर फसवतात.

धागाकर्ता: साडी नकोय हो. वृंदावन ठेवू की चामुंडी?

चटणीपूड: चामुंडी. सकाळी लवकर गाडीनेच वर जा, उतरताना मोठ्या नंदीपाशी थांबा, अखंड दगडातला आहे, गळ्यातल्या घंटासुद्धा कोरलेल्या. वृंदावनाला सुट्टीत तुफान गर्दी, गाळा. उरलेला वेळ देवराज मार्केटमध्ये घालवा, मोगऱ्याचे ढीग, कुंकवाचे रंगीत डोंगर, नंजनगुडची केळी. आणि नजरबादला मैलारी डोसा, लोण्याचा गोळा वर ठेवून देतात, मऊ असतो.

टायर_ट्यूब: मऊ डोसा हा डोसाच नाही. वाटेत दावणगेरे लागतंय, तिथला बेण्णे (लोणी) डोसा खा.

घाटमाथा: उटीचा ई-पास काढलात का? २०२४ पासून लागतो. आणि वाटेतल्या बांदीपूरच्या जंगलातून रात्री ९ ते सकाळी ६ गाड्या सोडत नाहीत, पहाटे पोचून गेटवर बसाल.

धागाकर्ता: पास आत्ता भरतोय. चित्रदुर्गचं बुकिंग कॅन्सल केलं. गाडी पेट्रोल, हिरियूरवरूनच जातो. उद्या रात्रीसाठी पॅलेसजवळ पार्किंगवालं साधं लॉज कुणाला माहितीये का?

पैठणी७: लॉज माहीत नाही, पण साडीचा नंबर नक्की बघा.