सोलापुरात चार बायकांचं शिलाई युनिट टाकतेय, हाताशी ९० हजार. आधी काय करू?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. इतकी वर्षं घरी ब्लाउज आणि फॉल-पिको करत आले. गेल्या हंगामापासून शाळेच्या गणवेशाचं जॉबवर्क घेतेय. कारखानदाराकडून कापलेला माल गठ्ठ्याने येतो, तो शिवून द्यायचा, पैसे नगावर. आता माझी जाऊ आणि गल्लीतल्या दोघीजणी सोबत यायला तयार आहेत. त्या दोघी आजवर विड्या वळायच्या. हात फार चपळ आहेत, मशीनवर लवकर बसतील.

अडचण जागेची आहे. घराची पुढची खोली १० बाय १२, भाडं नाही, पण खिडकी एकच आणि सासूबाई तिथेच झोपतात. दुसरी जागा गल्लीच्या टोकाला, १२ बाय १८, भाडं साडेतीन हजार, डिपॉझिट १५ हजार. टेम्पो दारापर्यंत येतो. पण वर पत्रा आहे. गणवेशाचं खरं काम मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे नेमका सोलापूरचा पारा ४२-४३ वर असतो तेव्हा.

९० हजारांतले ४० हजार बचत गटाचं कर्ज आहे. डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून साडेअठरा. दोन सेकंडहँड जुकी (कारखान्यात वापरतात ती मोटरची शिलाई मशीन) टेबलासकट १४ हजारांप्रमाणे २८, जुनी ओव्हरलॉक (कापडाच्या कडा गुंफणारं मशीन) १६. घरचं एक मशीन आहेच. उरतात साडेसत्तावीस. त्यात वायरिंग, ट्यूब, खुर्च्या, कटिंग टेबल आणि त्या पत्र्याचं काहीतरी.

घरचे म्हणतात, उरलेल्या पैशांत तिसरी जुकी घे, माल जास्त निघेल. मला ते पटत नाही. मी पाहिलेल्या कितीतरी युनिटांत मधोमध एक ट्यूब आणि बसायला प्लॅस्टिकचं स्टूल असतं. चाळिशीतच बायकांची मान आणि कंबर जाते. नेव्ही ब्लू कापडावर नेव्ही ब्लू दोरा दिवसभर बघून डोळ्यांतून पाणी येतं. माझ्याकडे बसणाऱ्या बायकांचं तसं होऊ द्यायचं नाही मला. म्हणून विचारते: पत्र्याचा ताप स्वस्तात कसा कमी होईल? जुन्या मशीनला क्लच मोटर असते, ती चालेल का? विजेच्या मीटरचं काय करायचं, घरगुती दर चालेल का? यातून आलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, माझं लातूरला पत्र्याखालीच युनिट आहे, म्हणून आधी पत्र्याचंच सांगते. थर्माकोलचं सीलिंग अजिबात लावू नका. कोणीतरी नक्की सुचवेल, कारण स्वस्त पडतं. पण आपल्या खोलीत सुताचा भुगा उडतो, इस्त्री तापलेली असते, आणि थर्माकोल भराभर पेटतं.

पत्र्याला वरून पांढरा रंग द्या. उष्णता परतवणारा तयार रंग मिळतो. तो परवडला नाही तर चुन्यात फेव्हिकॉल कालवून दोन हात मारा. पावसाने तो उतरतो, त्यामुळे दर फेब्रुवारीत पुन्हा द्यावा लागतो, पण खर्च किरकोळ. दुसरं म्हणजे एका भिंतीत पत्र्याच्या लगत एक्झॉस्ट पंखा आणि समोरच्या भिंतीत खाली जाळी. गरम हवा वर साठते, तिला बाहेर पडायला वाट हवी. सोलापूरची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्याने कूलरही चांगला चालतो. फक्त तो खिडकीबाहेर ठेवा, बंद खोलीत नुसता दमटपणा वाढतो. आणि झोत गठ्ठ्यांवर येऊ देऊ नका, कॉलर-कफ उडून सायझांची सरमिसळ होते.

माल कापून येतो तर कटिंग टेबल कशाला? त्या पैशांत लोखंडी अँगलचा रॅक घ्या, सायझाप्रमाणे गठ्ठे ठेवता येतील. खुर्च्या जुन्या चालतील, पण पाठ टेकणारी आणि चाकं नसलेली बघा. दोन्ही पाय पायडलवर सपाट टेकले पाहिजेत आणि कोपर टेबलाच्या उंचीला आलं पाहिजे. प्रत्येक सुईजवळ लोहचुंबकाचा छोटा एलईडी दिवा लावा. नेव्ही ब्लूचा त्रास त्याने बराच कमी होईल.

प्रतिसाद

मी वायरिंगची कामं करतो. क्लच मोटर शिलाई थांबली तरी फिरत राहते, वीज खाते आणि खोली तापवते. सर्व्हो मोटर पाय दाबल्यावरच फिरते, आवाजही फारसा नाही. जुन्या जुकीला ती बसते. तिसऱ्या मशीनऐवजी दोन सर्व्हो घ्या, नवशिक्या बायकांना वेगही कमी ठेवता येईल.

मीटरचं असं आहे. राहत्या घराच्या एका भागात धंदा असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट व वर्षाला ३६०० युनिटांच्या आत असेल, तर महावितरणचा घरगुती दर चालतो. वेगळ्या जागेत टेलरिंगला व्यापारी दर लागतो, तो भाड्यासोबत धरूनच हिशेब करा. इस्त्रीसाठी २.५ चौरस मिमीची वेगळी वायर ओढा. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) यांत काटकसर नको, चार बायकांचा जीव त्यावर आहे. करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवून घ्या. महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. पंखे आणि वायरिंग तुमचं, हे त्यात लिहून घ्या.

प्रतिसाद

केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी १५ हजारांचं ई-व्हाउचर, प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, आणि पहिलं कर्ज तारणाशिवाय १ लाखापर्यंत ५ टक्क्यांनी. एका कुटुंबातून एकालाच मिळतं, पण तिथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. म्हणजे तुम्ही आणि जाऊबाई वेगवेगळा अर्ज करू शकता. नोंदणीचं जवळच्या सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाइन अर्ज भरून देणारं केंद्र) विचारा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कटिंग टेबल आणि तिसरी जुकी यादीतून काढली, सर्व्हो घातल्या. पत्र्याची खोली घ्यायची असं जाऊबाईंशी बोलून ठरवलं. आता एकच विचारते: सोलापुरात जुनी ओव्हरलॉक बघायला जाताना काय काय तपासू? लूपर (खालून दोऱ्याचे फास घालणारा भाग) झिजलेला आहे हे शिवून बघताना कळतं का?