युद्ध लागलं तर परदेशी रहिवाशांची नोंद किती आणि बंधनं किती?

घणसोलीकर (धागा):
आमच्या सोसायटीत दोन फ्लॅट परदेशी विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेत. परवा मीटिंगमध्ये एकाने विषय काढला, उद्या युद्ध पेटलं तर यांचं काय? माझं मत सरळ आहे. यादी काढा, दर आठवड्याला चौकीत हजेरी, शहराबाहेर जायचं तर परवानगी. ब्रिटनने ५ ऑगस्ट १९१४ला एका दिवसात असा कायदा केला. आपला १९३९चा परदेशी नोंदणी कायदाही युद्धाच्या तोंडावरचाच. तो आणि १९४६चा परदेशी नागरिक कायदा थेट १ सप्टेंबर २०२५ला नवा कायदा येईपर्यंत चालले. इतकी वर्षं टिकले, म्हणजे काहीतरी तथ्य असेलच ना?

पाचपाखाडी_वकील:
टिकला म्हणून चांगला, हा कुठला न्याय? १९४६च्या कायद्यात आपण परदेशी नाही हे ज्याच्यावर संशय त्यानेच सिद्ध करायचं होतं. नव्या कायद्यातही तेच आहे. आणि नोंद झाली की पुढे काय होतं तेही बघा. १९३९मध्ये युद्ध जाहीर होताच इथल्या जर्मनांना उचललं. छावण्या लांब कुठे नव्हत्या. अहमदनगर, देवळाली, पुढे सातारा आणि पुरंदर. त्यांत हिटलरच्या तावडीतून पळून आलेले ज्यूही होते! नाझींनी हाकललेल्यांना इंग्रज सरकारने जर्मन म्हणून कोंडलं.

घणसोलीकर:
साहेब, ते इंग्रजांचं राज्य होतं.

पाचपाखाडी_वकील:
१९६२ला कुणाचं होतं? चिनी वंशाचे सुमारे ३,००० लोक आसाम, आजचं मेघालय, उत्तर बंगाल इथून उचलून राजस्थानातल्या देवलीला नेले. कित्येक इथेच जन्मलेले, काही तर भारतीय नागरिक. काही जण १९६७पर्यंत आत होते. बाहेर आले तर घर-दुकान हातचं गेलेलं.

कोपरीचे_काका:
वकीलसाहेब, दुसरी बाजूही मांडा की. १९३९मध्ये ब्रिटनने शत्रुदेशातल्या ७०,०००हून जास्त लोकांची चौकशी करून धोक्यानुसार अ, ब, क असे तीन वर्ग पाडले. कोंडले ते अ वर्गातले, जेमतेम ६००. क वर्गातले ६०,०००हून जास्त मोकळे होते. नावानिशी नोंद होती म्हणून हे जमलं. नोंद नसती तर तोंड बघून धरपकड झाली असती.

पाचपाखाडी_वकील:
काका, पुढचं वर्षही सांगा. १९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडायला लागलं तशी चर्चिल सरकारने क वर्गातल्यांचीही धरपकड सुरू केली. त्याच नोंदीवरून. २ जुलै १९४०ला कैद्यांना कॅनडाला नेणारं अरंडोरा स्टार जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. इटालियन आणि जर्मन माणसं शेकड्यांनी गेली.

उल्हासनगर_कॅम्प_४:
तुम्ही लंडनपर्यंत पोचलात, मी शेजारचं सांगतो. (आमचं गावच महायुद्धातल्या लष्करी छावणीत वसलंय, फाळणीनंतर.) एप्रिल २०२५मध्ये पहलगामनंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. बातमी लागली आणि शेजारच्या सिंधी काकूंनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. पासपोर्टच्या झेरॉक्स, मुदतवाढीचे कागद, वीजबिलं, हमीपत्र, सगळं पलंगावर पसरून एकेक तारीख मला वाचायला लावली. हिंदूंना आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा चालू राहणार हे कळेपर्यंत घरात कुणी जेवलं नाही. कागद होते म्हणून त्या वाचल्या, हे काकांचं खरं. पण धर्म दुसरा असता तर त्याच कागदांचं काय झालं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

कळव्याची_मावशी:
घणसोलीकर भाऊ, परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत कळवायची असते, आणि ती घरमालकाने. तुमच्या त्या दोन मालकांनी दिलीय का, आधी विचारा. इथे मालक भाडं रोखीत घेऊन हात वर करतात आणि रात्री दार वाजतं ते पोराचं. हजेरी लावायचीच तर मालकांचीही लावा.

घणसोलीकर:
मावशी, मालकांचं मान्य, रविवारी कमिटीत विचारतोच. हजेरीवर मात्र मी ठाम आहे. तीही पासपोर्ट बघून, वंश किंवा धर्म बघून नाही.

पाचपाखाडी_वकील:
मग नियमात एवढं घाला, की ज्याला कोंडाल त्याची सुनावणी किती दिवसांत आणि कुणापुढे. आकडा लिहा, पहिली सही माझी.

घणसोलीकर:
युद्ध चालू असताना सुनावण्या घ्यायला माणसं कुठून आणायची?

कोपरीचे_काका:
ब्रिटनने १९३९ला आणली होती की.