रोबोट म्हणजे रेडिएशन टळलंच, असं नाही

घशातली कर्करोगाची गाठ रोबोटच्या मदतीने शस्त्रक्रिया करून काढली की रेडिएशन-केमो टळतं, असं म्हटलं जातं. कृपया या भरवशावर निर्णय घेऊ नका. कापलेल्या कडेला कर्करोगाच्या पेशी उरल्या किंवा मानेतल्या लसीका ग्रंथीचं (लिम्फ नोडचं) आवरण फोडून कर्करोग बाहेर आला असेल, तर नंतर सहसा रेडिएशन आणि केमो दोन्ही घ्यावं लागतं. म्हणजे शस्त्रक्रियेसकट तिन्हींचा त्रास एकाच माणसाला. रोबोटची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांची तुलना करणाऱ्या कॅनडा-ऑस्ट्रेलियातल्या ‘ओरेटर’ चाचणीत (२०१९, ६८ रुग्ण) वर्षभरानंतर गिळण्याचे गुण रेडिएशनच्या गटात थोडे चांगलेच निघाले. फरक मोठा नव्हता. शस्त्रक्रियेच्या गटात एकजण रक्तस्रावाने गेला. रेडिएशनच्या गटात ऐकू कमी येण्याची तक्रार जास्त होती. सर्जनला आधीच विचारा: माझं स्कॅन पाहता नंतर रेडिएशन लागण्याची शक्यता किती? आणि रेडिएशनच्या डॉक्टरांनाही स्वतंत्र भेटा.